तुकोबांचा दुष्काळ आणि तुकोबांचा देव

आज फाल्गुन वद्य द्वितीया. महाराष्ट्रातील भाविक घरांना ही तिथी तुकाराम बीज या नावाने परिचित आहे. इंद्रायणीच्या काठी देहूस आज वारकऱ्यांचा मेळा भरतो, माध्यान्ही नांदुरकीच्या झाडाखाली हरिनामाचा गजर होतो आणि सहस्रावधी हात फुले-बुक्का उधळतात. शके १५७१ च्या, म्हणजे इ. स. १६५० च्या याच तिथीस श्रीतुकाराममहाराज सदेह वैकुंठास गेले, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. आजच्या दिवशी त्या वैकुंठगमनाचे आख्यान ऐकावे, ही रीतच आहे. आम्ही मात्र वाचकांना त्या प्रसंगाच्या सुमारे वीस वर्षे मागे नेऊ इच्छितो. तेथे विमान नाही, टाळमृदंग नाही. तेथे एक बंद पडलेले दुकान आहे, रिकाम्या कणग्या आहेत आणि अन्नासाठी टाहो फोडीत प्राण सोडणारी एक तरुण स्त्री आहे.

या प्रसंगाकडे आम्ही का वळलो, ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरी सहा वर्षांचे मूल तापाने गेले. घर मोठे भाविक. एकादशी कधी चुकली नाही, दारी आलेला अतिथी कधी विन्मुख गेला नाही. समाचारास गेलेल्या मंडळींत आम्हीही होतो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून देवाची इच्छा, तो करतो ते बऱ्यासाठीच, असे काहीतरी आम्ही बोलून गेलो. त्या मातेने मान वर करून आमच्याकडे नुसते पाहिले. ती एक अक्षरही बोलली नाही. परंतु ती दृष्टी आमच्या मनातून जात नाही. देव जर माउली आहे, तर लेकरावर हा घाला का? आणि तो जर सर्वसमर्थ आहे, तर त्याने हे होऊ का दिले? आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि नसलेले उत्तर आम्ही देऊन आलो होतो. त्या ओशाळलेपणातूनच आम्ही तुकोबांचे चरित्र पुन्हा हाती घेतले.

भरले घर

तुकोबा जन्मतः विरक्त नव्हते, की दरिद्रीही नव्हते. देहूचे मोरे घराणे सुस्थितीतले. पेठेची महाजनकी, दुकान, शेतीभाती, देवघेव असा सारा पसारा होता. घराण्यात विठ्ठलाची उपासना पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. आठव्या पिढीचे पूर्वज विश्वंभरबाबा हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी आणि देहूचे विठ्ठलमंदिर त्यांच्यापासूनचे, असे परंपरा सांगते. पिता बोल्होबा, माता कनकाई, वडील बंधू सावजी, धाकटे कान्होबा. सावजींचा ओढा पहिल्यापासून विरक्तीकडे. म्हणून प्रपंचाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांच्या खांद्यावर आला, आणि त्यांनी तो नीट पेलला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने त्रस्त असल्यामुळे पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई ही दुसरी पत्नी घरात आली. रखमाबाईंना पुत्र झाला; त्याचे नाव संतोबा.

या भरल्या घराला मग एकेक तडा जाऊ लागला. प्रथम आईवडील गेले. पाठोपाठ भावजय गेली आणि सावजींनी तीर्थाटनाची वाट धरली. ते पुन्हा देहूस आले नाहीत. ताहराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात तुकोबांचे सविस्तर चरित्र ओवीबद्ध केले, त्यात ही परंपरा क्रमाने आली आहे. परंतु या दुःखाची सर्वांत विश्वसनीय साक्ष खुद्द तुकोबांचीच आहे. संतांनी आग्रह केला म्हणून, संकोचत संकोचत, त्यांनी एका अभंगात आपली जीवनकथा सांगितली. आपले सारे आयुष्य इतक्या उघडपणे सांगणारे संत थोडेच.

पर्जन्य आलाच नाही

इ. स. १६२९ आणि १६३० या सालांत दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांवर पावसाने पाठ फिरवली. त्यातच युद्धाची भर पडली. शहाजहान बादशहा बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. मोगल, निजामशाही आणि आदिलशाही फौजांच्या घोड्यांखाली दख्खनचा मुलूख तुडवला जात होता. सुरतेहून त्या वेळी बुऱ्हाणपुराकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेवर विखुरलेल्या प्रेतांचे भीषण वर्णन लिहून ठेवले आहे. बादशहाच्या दरबारी इतिहासकारांनाही हा दुष्काळ लपवता आला नाही. याच काळात, १६३० च्या फेब्रुवारीत, शिवनेरीवर शिवप्रभूंचा जन्म झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अंधाराची आणि त्यातून पुढे येऊ घातलेल्या प्रकाशाची कल्पना येते.

देहूतील दुकानाची काय कथा! गिऱ्हाइकाजवळ नाणे नाही, दुकानात माल नाही, दिलेले पैसे परत येण्याची आशा नाही. व्यापार बसला, दिवाळे निघाले. काल महाजन म्हणून ज्यांना लोक मान देत, त्यांना आज कोणी दारात उभे करीना. दुष्काळाने द्रव्य नेले आणि त्याबरोबर मानही नेला, हे तुकोबांनी स्वतःच सांगितले आहे. अखेर रखमाबाई अन्न मागत मागत गेल्या. त्यांच्या मागोमाग लहानगा संतोबाही गेला.

१६३१ च्या जून महिन्यात बुऱ्हाणपुरास बादशहाची बेगम मुमताजमहल बाळंतपणात निवर्तली आणि तिच्यासाठी आग्र्यास संगमरवराचे जगप्रसिद्ध स्मारक उभे राहिले. त्याच दुष्काळात गेलेल्या रखमाबाईंचे स्मारक कोठेही नाही. आहे ते तुकोबांच्या अभंगातील अर्ध्या ओळीचे. परंतु ती अर्धी ओळ वाचताना आजही घास घशाखाली उतरत नाही.

शास्त्राचे उत्तर आणि तुकोबांचे मौन

देवावर विषमतेचा आणि निर्दयतेचा आरोप येतो, ही शंका आपल्या शास्त्रकारांना ठाऊक नव्हती असे नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ती स्पष्ट मांडलेली आहे. तिचे समाधान करताना श्रीमत् शंकराचार्यांनी पर्जन्याचा दृष्टांत दिला. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, उगवते ते मात्र ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे. तसे ईश्वराचे साह्य सर्वांना समान, सुखदुःखाचा भेद ज्याच्या त्याच्या कर्माचा. विचाराच्या दृष्टीने हे समाधान भक्कम आहे आणि त्याला कमी लेखण्याचा आमचा अधिकार नाही.

तथापि ज्या वर्षी पर्जन्यच आला नाही, त्या वर्षी पत्नीच्या चितेपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला हा दृष्टांत कोणत्या तोंडाने सांगावा? तुकोबांना कर्मविचार मान्य होता. संचित आणि प्रारब्ध यांची भाषा त्यांच्या अभंगांत ठिकठिकाणी आढळते. पण ज्या अभंगात रखमाबाईंचा मृत्यू येतो, तेथे तिच्या पूर्वकर्माचा उल्लेखही नाही. तेथे ते एवढेच सांगतात, की आपल्या जिवाला लाज वाटली आणि या दुःखाने आपण त्रासून गेलो. विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही. पत्नी भुकेने मेली, तर पतीने तिचे कर्म काढले नाही, देवाचा न्याय काढला नाही. स्वतःला लाज वाटून घेतली. भोवतालच्या दुःखाचा हिशेब करताना तुकोबांनी पहिली रक्कम आपल्या नावे मांडली.

इंद्रायणीत गेलेले कागद

यानंतर तुकोबा देहूच्या आसमंतातील भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. तेथे त्यांचा देवाशी काय संवाद झाला, तो त्यांचा त्यांनाच ठाऊक. शोध करीत कान्होबा तेथे पोचले आणि भावाला घेऊन खाली आले. मग जे घडले, ते आमच्या मते या चरित्रातील सर्वांत मोठे उत्तर आहे.

घरात लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद होते. महाजनाचे दिवाळे निघाले, तरी हे कागद जिवंत होते; पाऊस पडला, पीक आले, की त्यांच्या बळावर घर पुन्हा उभे राहिले असते. पण ते येणे होते कोणाकडून? ज्यांची गुरे दावणीला मेली, ज्यांच्या घरीही कोणीतरी असेच अन्न मागत गेले, त्यांच्याकडून. भूक म्हणजे काय, ते आता तुकोबांना कळले होते. त्यांनी कागदांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याचे सर्व कागद इंद्रायणीच्या डोहात सोडून दिले.

या प्रसंगाचे कीर्तनात वर्णन होते, तेव्हा तुकोबांच्या वैराग्याची थोरवी सांगतात, आणि ती योग्यच आहे. आम्हास त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक ही, की त्या डोहात केवळ एका व्यापाऱ्याचे धन बुडाले नाही. अनेक उपाशी घरांच्या मानेवरचे जू त्या दिवशी उतरले. दुसरी ही, की तुकोबांनी भावाच्या वाट्यास हात लावला नाही. त्याग करावा तो आपल्या वाट्याचा. दुसऱ्याच्या संसारावर आपले वैराग्य लादू नये, हा विवेक त्या घटकेसही त्यांच्या ठायी जागा होता.

त्यानंतरचे त्यांचे काम म्हणजे पडझड झालेल्या विठ्ठलमंदिराची दुरुस्ती. पुढे एकादशीस कीर्तन, पूर्वीच्या संतांच्या वचनांचे पाठांतर, भंडाऱ्याच्या डोंगरावर चिंतन, माघ शुद्ध दशमीस स्वप्नात बाबाजी चैतन्यांकडून रामकृष्णहरि हा मंत्र, आणि पुन्हा स्वप्नातच नामदेवरायांसह पांडुरंगाने येऊन केलेली कवित्वाची आज्ञा. हे सारे वाचकांना परिचित आहे. त्या आज्ञेचे फळ म्हणून आज सुमारे साडेचार हजार अभंगांची गाथा आपल्या देवघरात आहे.

एक अवघड अभंग

या गाथेतील एका अभंगाने आम्हास पुष्कळ दिवस अडवून धरले होते. त्यात तुकोबा आपले दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली, बायको कर्कश मिळाली, जगात अपमान झाला, या एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानतात. कारण त्यामुळे प्रपंचाची ओढ तुटली आणि आपण देवास शरण आलो. वाचताना मन दचकते. एका जिवाचा उद्धार व्हावा म्हणून दुसऱ्या जिवाने भुकेने मरावे, हा कसला सौदा? रखमाबाईंच्या बाजूने कोणी बोलावयाचे की नाही?

पुष्कळ विचारांती आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. हे सारे आभार तुकोबांनी केवळ स्वतःच्या दुःखाबद्दल मानले आहेत. दुष्काळ माझ्यावर आला ते बरे झाले, असे ते म्हणतात. गावावर आला ते बरे झाले, असे ते म्हणत नाहीत. दुःखाला प्रसाद म्हणण्याचा अधिकार ज्याचे त्यालाच असतो, आणि तोही दुःख सोसून पार झाल्यावर. बाहेरच्या माणसाने दुसऱ्याच्या ताटात तो प्रसाद वाढावयाचा नसतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी तुकोबांची शिकवण अगदी वेगळी आहे. रंजल्यागांजल्यांना जो आपले मानतो तोच साधू आणि देव तेथेच ओळखावा, हा त्यांचा उपदेश लहान मुलांनाही ठाऊक असतो. आपले दुःख देवाला अर्पण करावे आणि दुसऱ्याचे दुःख आपले काम समजावे, अशी ही दुहेरी वाट आहे. त्या दोन वाटांची अदलाबदल केली, की भक्तीचे रूपांतर निष्ठुरतेत होते. शेजारच्या घरी आमच्या हातून नेमके तेच झाले होते.

जिजाईंचे भांडण

येथे जिजाईंविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे आहे. कीर्तनांतून आणि नाटकांतून त्यांचे चित्र कजाग बाईचे रंगवले गेले आणि श्रोते हसत आले. पण त्यांच्या बाजूने पाहावे. माहेर सधन, सासर बुडालेले. पदरी लहान मुले. हाती येईल ते पती दुसऱ्यास देऊन टाकणार. अशा स्थितीत त्यांनी ज्या काळ्या देवाने घर धुऊन नेले त्यास शिव्या दिल्या, तर त्यात नवल काय? आणि शिव्या देत देतच त्या भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढत आणि पतीला जेवू घालून मगच स्वतः जेवत.

अशाच एका दिवशी वाटेत त्यांच्या पायात काटा रुतला आणि तो काढावयास खुद्द विठ्ठल धावून आला, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. तिचा अर्थ आम्हास असा वाटतो, की देवावर रागावलेल्या माणसाला देव दूर लोटत नाही. दुःखाने पोळलेला जीव जे बोलतो, ते ही माउली अपराध म्हणून नोंदवून ठेवीत नाही. ती प्रथम काटा काढते.

स्वतः तुकोबा तरी देवाशी कमी का भांडले? त्यांनी त्याला निष्ठुर म्हटले, ऋणको म्हटले. आपल्यापुरता तो मेलाच, इथपर्यंत त्यांची वाणी गेली. हे अभंग गाथेतून कोणी काढून टाकले नाहीत. आपल्या पूर्वजांनी ते स्तुतीच्या अभंगांच्या शेजारी तितक्याच आदराने जपले. कारण भांडण जवळच्याशीच होते. देव नाहीच असे मानणारा गप्प बसतो. देव आपला आहे असे मानणाराच त्याला जाब विचारतो.

तेरा दिवस

दुष्काळ हे दैवाचे दुःख. माणसाने माणसास दिलेले दुःख वेगळे. तेही तुकोबांच्या वाट्यास आले. शूद्राने वेदार्थ बोलू नये, या आक्षेपावरून वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या सांगण्याप्रमाणे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. जेथे कर्जाचे कागद आपखुशीने सोडले, तेथेच आता प्राणांहून प्रिय असे अक्षरधन बळेच सोडावे लागले. तुकोबा नदीकाठी शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस पडून राहिले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपण श्रद्धेने ऐकतो.

त्यानंतरचे तुकोबांचे अभंग मात्र विजयाचे नाहीत. ते पश्चात्तापाचे आहेत. आपण हट्ट धरला, देवाचा अंत पाहिला, त्याला आपल्यासाठी पाण्यात उभे राहून वह्या राखाव्या लागल्या, या जाणिवेने त्यांचे मन कळवळून गेले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दुःख देणारा देव कोठेतरी उंचावर बसला आहे आणि आपण खाली सोसत आहोत, अशी समजूत घेऊन आपण प्रश्न विचारतो. तुकोबांना दिसलेला देव खाली होता, डोहाच्या थंड पाण्यात होता, भक्ताबरोबर कष्ट सोसत होता. जनाबाईंबरोबर दळणारा आणि दुष्काळात कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांसाठी स्वतः धान्याचे पैसे भरणारा तोच हा देव. वारकऱ्यांनी त्याला माउली म्हटले ते उगीच नाही. आई लेकराचे दुखणे नेहमीच टाळू शकत नाही. पण त्या दुखण्यात ती त्याच्या उशाशी असते.

रामेश्वर भट्टांचे पुढे काय झाले, तेही ध्यानी घ्यावे. त्यांच्या अंगाचा दाह तुकोबांनी पाठवलेल्या अभंगाने शमला, असे चरित्रकार सांगतात. चित्त शुद्ध असेल तर वैरीही मित्र होतात, असा त्या अभंगाचा भाव. रामेश्वर भट्ट तुकोबांचे शिष्य झाले, आणि तुकोबांची जी आरती आज संध्याकाळी असंख्य घरांत म्हटली जाईल, ती त्यांचीच आहे. छळ करणाऱ्याच्या मुखातून आरती निघाली. असत्यावर आणि अन्यायावर एवढा निःशेष विजय दुसरा कोणता असेल?

उरलेला प्रश्न

तुकोबा गेले, तेव्हा जिजाई गरोदर होत्या. पित्याचे तोंडही न पाहिलेला तो पुत्र, नारायणबाबा, पुढे १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस निघाला, आणि आषाढीच्या पालखी सोहळ्याची परंपरा सुरू झाली. दुष्काळाने उजाड केलेल्या घरातून निघालेल्या त्या पालखीमागून आज लाखो माणसे चालतात, आणि वाटेवरची गावे त्यांना उपाशी राहू देत नाहीत. अन्न मागत गेलेल्या रखमाबाईंचे स्मारक नाही, असे आम्ही वर लिहिले. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या हाती ठेवली जाणारी प्रत्येक भाकरी हेच ते स्मारक, असे आता वाटते.

देव दयाळू असता दुःख का, या प्रश्नाचे उत्तर आम्हास सापडले, असे आम्ही म्हणणार नाही. तुकोबांनीही ते दिले नाही. त्यांनी आपले दुःख देवाच्या पायी घातले, दुसऱ्याच्या दुःखापुढे आपले कागद पाण्यात सोडले, आणि मन भरून आले तेव्हा देवाशी कडाडून भांडले. भाविक घराला एवढी शिदोरी पुरेशी आहे.

शेजारच्या त्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती. आम्ही शहाणपणाचे बोल ऐकवून परतलो. घरी आलो तो आमच्या घरातल्यांनी पिठले-भाताचे पातेले झाकून त्यांच्याकडे पोचते केलेले होते. त्या स्वतः तेथे काहीच बोलल्या नाहीत. त्या मातेला जवळ बसवून चार घास खायला लावले आणि रिकामे पातेले घेऊन आल्या. पुढे तेरा दिवस हाच क्रम चालला. आता वाटते, की तुकोबांचे चरित्र आमच्या घरात आमच्या आधीच कोणीतरी वाचलेले होते.